आठ वर्षांची लेक, तेरा वर्षांचा मुलगा आणि उंचीची वही

*पत्र : माझी मुलगी ८ वर्षे ४ महिन्यांची आहे, तिसरीत. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ घालताना तिच्या छातीत डाव्या बोंडाखाली सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागली. हात लागला की दुखतं म्हणते. उजवीकडे काहीच नाही. काखेला घामाचा वास मात्र वर्षभर आधीपासून येतोय. सासूबाईंनी दूध आणि चिकन बंद करायला सांगितलंय, शेजारच्या काकू म्हणतात आधी सोनोग्राफी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की इंजेक्शन देऊन पाळी पुढे ढकलता येते. नाहीतर हिची उंची खुंटेल का? थोरला १३ वर्षे २ महिन्यांचा, आठवीत. उंची १४३ सेंमी. वर्षभरापूर्वी शाळेच्या कार्डावर १३८ होती. त्याला ना मिसरूड, ना आवाज फुटलेला. वर्गात ‘बारक्या’ म्हणून चिडवतात. माझी उंची १५५, ह्यांची १७०. एकीचं लवकर आणि एकाचं उशिरा, दोघांचंही काही चुकतंय का?*
*– एक आई, वर्तकनगर, ठाणे*

ताई, आधी गाठीचं बोलू, कारण झोप तिनेच उडवली असणार. या वयात बोंडाच्या बरोबर खाली, मधोमध, चकतीसारखी कडक आणि दाबल्यावर दुखणारी गाठ म्हणजे स्तनाच्या वाढीची सुरुवात. बहुतेक मुलींमध्ये वयात येण्याची हीच पहिली खूण असते. अंडाशयातून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन थोडं थोडं रक्तात यायला लागलं की बोंडामागची चकती वाढते, आजूबाजूचा भाग ताणला जातो आणि दुखतं. एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला कधी कधी सहा महिन्यांनी, हे अगदी नेहमीचं आहे. कॅन्सरची शंका मनातून काढून टाका.

दाबून पाहू नका, तेल लावून चोळू नका. सोनोग्राफीने इजा होत नाही, पण या टप्प्यावर त्यातून नवीन काही कळतही नाही. मात्र कुणी ‘छोटंसं ऑपरेशन करून गाठ काढू’ किंवा ‘सुई घालून तपासू’ म्हणालं, तर आधी लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. ती चकती म्हणजेच तिचा पुढचा अख्खा स्तन आहे. ती काढली किंवा दुखावली गेली तर त्या बाजूची वाढ कायमची खुंटते, आणि असं नुकसान झालेल्या मुली खरोखर असतात. गाठ लाल-गरम झाली, ताप आला, बोंडातून रक्त किंवा पू आला, किंवा गाठ बोंडाखाली नसून बाजूला कुठेतरी असली, तरच त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी सुती शमीज घालू द्या आणि दप्तराचा पट्टा छातीवर घासणार नाही एवढं बघा.

मुलगी अंगाने भरलेली असेल तर आणखी एक शंका येते : ही खरी गाठ की नुसती चरबी? तिला उताणं झोपवून बोटांच्या पेरांनी हलकेच पाहायचं. चरबी असेल तर बोंडाखाली हात मऊ जातो, काही अडत नाही. गाठ असेल तर कडेसकट चकती हाताला लागते. एकदा पाहिलं की पुरे, रोज नको.

आता वयाचं. मुलींमध्ये ही सुरुवात ८ ते १३ या वर्षांत कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४. मुलीला ८ पूर्ण होण्याआधी स्तन वाढू लागले किंवा मुलाला ९ पूर्ण होण्याआधी बदल सुरू झाले, तर ते लवकर समजून तपासण्या करतात. तुमची लेक रेषेच्या आत आहे, पण रेषेला लागून. म्हणून घाबरायचं कारण नाही आणि वर्षभर वाट बघत बसायचंही नाही. या महिन्यात एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, नंतर दर तीन-चार महिन्यांनी. याचं कारण असं की एका दिवसाच्या एका खुणेवरून फारच थोडं कळतं. खुणा कोणत्या क्रमाने आल्या आणि किती वेगाने पुढे सरकल्या, यावरून जवळजवळ सगळं कळतं. डॉक्टर स्तनांची वाढ पाच टप्प्यांत मोजतात. ब्रिटनमधल्या मार्शल आणि टॅनर या दोघांनी १९६९ मध्ये मुलींसाठी ते टप्पे मांडले आणि आजही तेच वापरतात. तुमची मुलगी दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी आहे. तिथून तिसऱ्याला जायला साधारण वर्ष लागतं. सहा महिन्यांच्या आतच ती तिसऱ्यात गेली तर वेग जास्त आहे असं धरायचं.

म्हणून एक वही करा, दोघा मुलांची मिळून. आज छातीत गाठ लागल्याची तारीख लिहा, वासाची साधारण तारीख लिहा, आणि उंची लिहा. उंची घरी मोजताना लोक हमखास चुकतात. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली की चपला, वेणी आणि टाचा उचलणं मिळून दोन सेंमी सहज इकडेतिकडे होतात, आणि सहा महिन्यांत मूल वाढतंच जेमतेम अडीच-तीन सेंमी. तेव्हा पद्धत ठरवून घ्या. खाली पट्टी किंवा गालिचा नसलेली सपाट भिंत निवडा. फरशीला शून्य टेकवून लोखंडी मोजपट्टी भिंतीला चिकटवा. शिंपीकामाची टेप नको, ती ताणते. अनवाणी, केस सोडलेले, टाचा जुळवून भिंतीला, कुल्ले आणि पाठ भिंतीला. नजर समोर, म्हणजे कानाचं भोक आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात टेकवा, केस दबेपर्यंत. तीनदा मोजा, सरासरी लिहा. वेळ नेहमी सकाळची, कारण दिवसभरात पाठीच्या मणक्यांतल्या गाद्या दबून उंची सेंटिमीटरभर कमी भरते. दर तीन महिन्यांनी मोजलं तरी वेग काढायचा तो किमान सहा महिन्यांच्या फरकावरून. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ सेंमी वाढतं. लेकीचा वेग ७-८ च्या घरात गेलेला दिसला तर इस्ट्रोजेन चांगलंच कामाला लागलंय, हे वही रक्ततपासणीच्या आधी सांगते.

काखेच्या वासाचा या गाठीशी थेट संबंध नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ६ ते ८ वर्षांच्या सुमारास डीएचईए नावाचं सौम्य पुरुषी हार्मोन बनवायला लागतात. त्याने काखेतल्या घामाच्या वेगळ्या ग्रंथी जाग्या होतात, त्या घामावर जिवाणू जगतात आणि वास येतो. केस तेलकट होणं, कपाळावर बारीक पुटकुळ्या, पुढे काखेत-जांघेत केस, ही सगळी त्याच ग्रंथींची कामगिरी. हे घड्याळ अंडाशयाच्या घड्याळापासून स्वतंत्र चालतं. ठाण्याच्या दमट हवेत शाळेतून आल्यावर पुन्हा आंघोळ, काखेत साबण चोळून धुणं आणि सुती बनियन एवढ्यावर बहुतेक भागतं. तुरटीचा खडा ओल्या काखेवरून फिरवला तरी चालेल. वासासोबत आठाच्या आधीच जांघेत केस आले, मोठ्यांसारखे मुरूम आले किंवा उंची झपाट्याने वाढली, तर मात्र अ‍ॅड्रिनलची तपासणी करावी लागते.

स्तनांचं घड्याळ मेंदूत आहे. तिथल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी जीएनआरएच नावाचा, अवघ्या दहा अमिनो आम्लांचा छोटा रेणू सोडतात. तो वेगळा काढून ओळखण्याचं काम अमेरिकेत अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांच्या प्रयोगशाळांत झालं आणि त्यासाठी १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जीएनआरएच पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं सोडते, आणि ही हार्मोनं मुलींच्या अंडाशयाला व मुलांच्या वृषणांना कामाला लावतात. ही सगळी यंत्रणा जन्मानंतरचे पहिले काही महिने चालू असते, मग मेंदू तिच्यावर ब्रेक दाबून ठेवतो आणि काही वर्षांनी हळूहळू पाय उचलतो. पाय उचलण्यात किसपेप्टिन या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००३ मध्ये समजलं : त्याचा संदेश घेणारा रेणू ज्यांच्यात जन्मतः बिघडलेला होता, ती माणसं वयातच आली नव्हती. ब्रेक नेमका कधी सुटणार हे बरंचसं आनुवंशिक असतं. अंगावरची चरबीही त्यात भाग घेते, कारण चरबीतून येणारं लेप्टिन मेंदूला शरीरात पुरेसा साठा असल्याचं कळवतं. वजन जास्त असलेल्या मुली सरासरीने लवकर वयात येतात, त्याचं हे एक कारण.

जीएनआरएच सलग वाहत नाही, साधारण दीड-दोन तासांनी ठोके पडावेत तसं सुटतं, आणि सुरुवातीचे ठोके रात्री झोपेत पडतात. ही गोष्ट तुमच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाची आहे.

पहिलं कारण, रक्ततपासणी. संध्याकाळी क्लास सुटल्यावर स्टेशनजवळच्या लॅबमध्ये जाऊन ‘हार्मोन प्रोफाइल’चं पॅकेज करू नका. सुरुवातीला दिवसा एलएच इतकं कमी असतं की रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो आणि खोटा दिलासा मिळतो. शिवाय बऱ्याच रिपोर्टांवर मोठ्या बायकांच्या पाळीच्या दिवसांनुसारच्या मर्यादा छापलेल्या असतात. त्यांच्याशी तुलना केली की लेकीचा प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत ‘कमी’ दिसतो आणि घर हादरतं. गरज वाटली तर डॉक्टर सकाळी लवकरचा नमुना मागतील. एलएच ०.३ च्या वर गेलं की शंका बळावते. तरी उलगडलं नाही तर इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने रक्त घेतात. त्यात एलएच ५ च्या वर चढलं तर मेंदूतलं घड्याळ खरोखर सुरू झालं असं मानतात. त्याआधीची स्वस्त आणि उपयोगी तपासणी म्हणजे डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे. त्यातून हाडांचं वय कळतं. ते खऱ्या वयाच्या वर्षभर पुढे असेल तर चालून जातं, दोन वर्षं पुढे असेल तर दखल घ्यायची.

दुसरं कारण, तुम्ही विचारलेलं इंजेक्शन. ल्युप्रोलाइडसारखी ही औषधं जीएनआरएचचीच नक्कल आहेत, फक्त ती ठोक्याठोक्याने न जाता महिनाभर किंवा तीन महिने सलग झिरपतात. सलग हाक ऐकून पिट्युटरी बहिरी होते, एलएच-एफएसएच थांबतं आणि वयात येण्याचा गाडा थबकतो. इंजेक्शन बंद केलं की काही महिन्यांत सगळं पुन्हा सुरू होतं. औषध चांगलं आहे, पण ते कोणासाठी? सहाच्या आत ज्यांची सुरुवात झाली त्यांना उंचीचा मोठा फायदा होतो. आठानंतर सुरुवात झालेल्या, सावकाश पुढे जाणाऱ्या मुलीला त्याने उंची वाढल्याचं सहसा दिसत नाही. आम्हाला विचाराल तर आजच्या माहितीवर तुमच्या लेकीला त्याची गरज नाही. वेग वाढला, हाडांचं वय फार पुढे निघालं, तर पुन्हा विचार करता येईल, आणि तो लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञानेच करावा. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातल्या बालरोग विभागापासून सुरुवात करता येते; पुढे लागलं तर परळच्या वाडिया रुग्णालयात असे तज्ज्ञ आहेत. जाताना वही न्या.

उंची खुंटेल ही भीती कुठून येते तेही सांगतो. हाडांच्या टोकाला वाढीच्या कूर्चा असतात. इस्ट्रोजेन आधी त्यांना भराभर वाढवतं आणि मग तेच त्या बंद करतं. मुलांमध्येही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होऊनच कूर्चा मिटतात. मुलींची वाढ पाळी येण्याच्या आधी सर्वांत जोरात असते, वर्षाला ८ सेंमीच्या आसपास; पाळी सुरू झाल्यावर बहुधा ५ ते ७ सेंमीच शिल्लक राहतात. स्तनांच्या सुरुवातीपासून पाळीपर्यंत सरासरी दोन-अडीच वर्षं जातात, आणि ज्यांची सुरुवात लवकर होते त्यांना बऱ्याचदा त्याहून जास्त. म्हणजे हिची पाळी साडेदहा-अकराच्या पुढे येईल असा अंदाज धरा. साडेनऊच्या आत आली तर लगेच दाखवा.

तुमच्या दोघांच्या उंचीवरून हिशेब असा : मुलीसाठी १७० मधून १३ वजा करायचे, १५५ मिळवायचे, निम्मे करायचे. आले १५६. मुलासाठी १३ मिळवायचे, आले १६९. दोन्हीकडे ८ सेंमी कमी-जास्त धरा. हे १३ बायका-पुरुषांच्या सरासरी उंचीतलं अंतर आहे. मुलगे दोनेक वर्षं उशिरा उसळी घेतात, तोवर लहानपणीच्या वेगाने वाढतच राहतात, आणि उसळीही मोठी घेतात, त्यातून ते पडतं.

दूध आणि चिकन. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण रोख चुकलाय. गाई-म्हशींना पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचतात. तो गैरप्रकार आहे आणि जनावरांसाठी वाईट आहे. पण ऑक्सिटोसिन स्तन वाढवणारं हार्मोन नाही आणि पोटात गेलं तर पचून जातं. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत भरते ती पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. उलट दूध तोडण्याने नुकसान होतं : मोठेपणीच्या हाडांचा जवळजवळ पाव हिस्सा उसळीच्या आसपासच्या दोन वर्षांत भरला जातो. ७ ते ९ वर्षांच्या मुलीला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १० ते १२ मध्ये ८५०. २०० मिली दुधातून साधारण २४० मिळतं. बाकी दही, नाचणीची भाकरी, तीळ, सुकट. तोडायचंच असेल तर वेफर, बिस्किटं आणि गोड शीतपेयं तोडा, कारण वजनाचा संबंध खरा आहे. घरात कुणी इस्ट्रोजेनचं मलम किंवा टेस्टोस्टेरॉनची जेल वापरत असेल तर ती मुलांच्या अंगाला लागू देऊ नका. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणून ठेवल्या असतील तर दोघांनाही देऊ नका.

आता थोरला. मिसरूड आणि आवाज या मुलांमधल्या उशिराच्या खुणा आहेत. पहिली खूण कपड्यांच्या आत असते आणि आईला दिसायचं कारण नाही : वृषणं वाढतात. लांबी अडीच सेंमी झाली, म्हणजे आकारमान ४ मिली झालं, की सुरुवात झाली. डॉक्टरांकडे १ पासून २५ मिलीपर्यंतच्या लंबगोल मण्यांची माळ असते, तिच्याशी पडताळून दोन मिनिटांत सांगतात. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने उंचीची उसळी येते, वर्षाला ९-१० सेंमी, आणि साधारण त्याच सुमारास आवाज फुटतो. मिसरूडही नंतरच गडद होते. तेव्हा कदाचित त्याचं सुरू झालंही असेल. १३८ वरून १४३, म्हणजे वर्षात ५ सेंमी, हा लहानपणीचा निरोगी वेग आहे. तो ४ च्या खाली गेला असता तर थायरॉइड, रक्तक्षय, गहू न सोसणारा सीलिअ‍ॅक आजार, इतर जुनाट आजार हे तपासायला लावलं असतं. दोन्ही आकडे शाळेचे असतील तर एकदा घरच्या भिंतीवर मोजून बघा.

बाबांना विचारा, दाढी कधी सुरू केली, दहावीच्या फोटोत ते कितव्या रांगेत होते, कॉलेजमध्ये उंची वाढली का. तुमची स्वतःची पाळी चौदा-पंधराला आली असेल तर तेही लिहा. उशिरा उमलणारी मुलं बहुधा अशा घरांतली असतात. त्यांच्या हाडांचं वय दोनेक वर्षं मागे असतं आणि शेवटची उंची घराण्याला साजेशीच होते. चौदावा वाढदिवस झाला आणि वृषणं ४ मिलीच्या खालीच असतील, तर थांबू नका. तेव्हा कधी कधी ३ ते ६ महिने, महिन्याला एक, कमी मात्रेचं टेस्टोस्टेरॉन देऊन गाडी सुरू करून देतात. ठरावीक मात्रेत दिलं तर शेवटची उंची घटत नाही. एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा : त्याला कांदा परतल्याचा, पेट्रोलचा वास नीट येतो का? गर्भात जीएनआरएचच्या पेशी नाकाजवळ तयार होऊन वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत जातात. ती वाट चुकली तर वासही येत नाही आणि मूल वयातही येत नाही. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं आणि ऑपरेशन झालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

तपासणीला बाबांनी सोबत जावं, आणि पडद्याआड कोण थांबेल हे मुलाला विचारून ठरवावं. त्याला आणखी दोन गोष्टी बाबांनीच सांगाव्यात. पुढे त्याच्याही बोंडाखाली दुखरी गाठ येऊ शकते. जवळजवळ निम्म्या मुलांना येते आणि सहा महिने ते दोन वर्षांत जाते. बहिणीसारखं आपल्याला काय होतंय या भीतीने मुलं पोहायला जाणं सोडतात. आणि झोपेत वीर्य गेलं तर तो आजार नाही, अशक्तपणा येत नाही, कसलाही काढा घ्यायचा नाही. ‘बारक्या’बद्दल वर्गशिक्षकांशी बोला, त्याला न सांगता नव्हे, त्याला विचारून.

लेकीला आठव्या वर्षी सगळं सांगायची घाई नको, पण गाठीचं आजच सांगा : ‘तुझं शरीर मोठं व्हायला लागलंय, आधी एका बाजूने सुरू झालंय, दुखणं कमी होईल, दुसऱ्या बाजूला येईल तेव्हा मला सांग.’ घरात पाहुण्यांसमोर हा विषय काढायचा नाही, हे सासूबाईंनाही प्रेमाने सांगा. आंघोळ आता तिची तिला करू द्या. कुणालाही, अगदी डॉक्टरलाही, तू हो म्हटल्यावर आणि मी समोर असतानाच तपासू द्यायचं, हा नियम तिला पाठ हवा. अंगाने मोठी दिसली तरी ती तिसरीतलीच आहे. ‘आता मोठी झालीस’ म्हणून खेळ, सायकल बंद करू नका.

पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट, वास नसलेलं पाणी दिसू लागतं. खाज आणि दुर्गंधी नसेल तर औषध लागत नाही. ते दिसलं की तारीख वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात घरी पॅड लावून-काढून दाखवा, दर चार ते सहा तासांनी बदलायचं हे सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी, कागदी पिशवी असा पाउच ठेवा आणि शाळेतल्या एका बाईंना कल्पना देऊन ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी चालतं. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना दाखवा.